पाण्याला बिल्ला नाही

लॅक्सन शावाने त्या सकाळी शिवी दिली नाही.

एवढंच झालं. काबासो नेहमीसारखा पाव आणायला निघाला होता. खाणीच्या बंद कॅन्टीनच्या ओट्यावर लॅक्सन नेहमीसारखा पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून कुणाचा तरी बूट शिवत बसला होता. आणि काबासोने जवळ येता येता नेहमीसारखी मान खांद्यांत थोडी ओढून घेतली होती, पावसाची सर अंगावर येणार हे माहीत असलेला माणूस ओढतो तशी. पण सर आलीच नाही. लॅक्सनने बूट खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठला. डोक्यावरची टोपी काढली, कमरेत वाकला आणि दोन्ही तळवे खोलगट करून हळू टाळी वाजवली, वडीलधाऱ्यांसमोर वाजवतात तशी. म्हणाला, "रात्र बरी गेली ना, बा काबासो?" काबासोने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. एक कोंबडी होती, पण तिला बा म्हणायचं काही कारण नव्हतं. त्याने काहीतरी उत्तर दिलं असावं, कारण लॅक्सनने पुन्हा मान लववली. मग काबासो पुढे चालायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चालता येत नाहीये. पाय होते, रस्ता होता, पण कुठला पाय कधी उचलायचा हे आजवर आपोआप होत आलेलं काम अचानक त्याच्या अंगावर येऊन पडलं होतं. तोंडात तयार ठेवलेलं उत्तर तसंच राहिलं होतं. लॅक्सनच्या सुनेने रात्री शिजवलेल्या उंदरावर होतं ते, आणि चांगलं जमलं होतं. आता ते घशात माशाच्या काट्यासारखं आडवं बसलं.

काबासो बेंबा जमातीचा आणि लॅक्सन न्गोनी. दोघांचे पणजोबा एकमेकांना भाल्यांनी भोसकत असत. पुढे दोन्हीकडचे लोक दमले आणि त्यांनी असं ठरवलं, की यापुढे भाल्यांऐवजी तोंड वापरायचं, जन्मभर वापरायचं, आणि रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. तेव्हापासून बेंबा म्हणजे माकडं खाणारे आणि न्गोनी म्हणजे उंदीर खाणारे. दोघांत काहीही चालतं: ताटातला मासा उचलणं, अंगावरचा कोट मागणं, बायकोसमोर नवऱ्याची अक्कल काढणं. काबासो खाणीत बोर्ड रंगवायला लागला त्या दिवशी लॅक्सनने त्याला गेटवर गाठून विचारलं होतं, शेपूट कुठल्या खिशात ठेवतोस. तेव्हापासून एक सकाळ चुकली नव्हती. मलेरियात चुकली नाही, संपात चुकली नाही, खाण बंद पडली त्या सकाळी सगळं गाव गेटसमोर मुकं उभं होतं तेव्हासुद्धा लॅक्सन म्हणाला होता, बघ माकड्या, तू बोर्ड रंगवलास आणि कंपनीला जगणं नकोसं झालं. आणि काबासोची बायको फेलिस्टस गेली तेव्हाही. घरात बायका रडत होत्या, काबासो भिंतीला टेकून बसला होता, आतून लाकडासारखा. तेवढ्यात लॅक्सन फेलिस्टसचंच निळं लुगडं कमरेला गुंडाळून आत आला, तिच्या चटईवर फतकल मारून बसला आणि गळा काढला, अगं फेलिस्टस, माझी कोंबडी परत न देता गेलीस गं, आणि मला ह्या माकडाच्या तावडीत ठेवून गेलीस. मग शवपेटी निघाली तर दारात आडवा पडला. काबासोने सगळ्यांदेखत बेंबा लोक माकडं आहेत असं कबूल केल्याशिवाय उठला नाही. काबासोने कबूल केलं, आणि कबूल करताना हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं, आणि ते फुटलं म्हणून तो वाचला. म्हणजे मयताच्या दिवशीसुद्धा शिवी मिळते. मेलेल्यालाही मिळते. मग ज्याला मिळत नाही तो कोण?

पावाच्या दुकानात पोरीने पाव दोन्ही हातांनी दिला, गुडघा वाकवून. याची त्याला सवय झाली होती. गेली दोन वर्षं लुफुंबे गावात सगळेच त्याच्याशी असं वागत होते. तो बीअरच्या टपरीत शिरला की गप्पा थांबत आणि बाकाचा चांगला कोपरा मोकळा होई. तो रांगेत उभा राहिला की रांग त्याच्यापुढून वितळे. सुरुवातीला त्याला मजा वाटली होती. फुकटचे शेंगदाणे कुणाला नको असतात. पण मजा म्हणजे काय, तर ती घेऊन लॅक्सनकडे जायची आणि त्याच्याकडून तिचा चेंदामेंदा करून घ्यायचा. अख्ख्या गावाने त्याला वर उचलून धरलं होतं, आणि लॅक्सन एकटा त्याचा पाय धरून त्याला खाली ओढत होता. आज त्यानेही पाय सोडला. पाव काखेत धरून काबासो परत निघाला तो मुद्दाम मागच्या गल्लीने, कॅन्टीन टाळून. आणि गल्लीतून चालताना त्याला वाटलं, आपण जमिनीपासून वीतभर वर चालतोय आणि खाली उतरायची शिडी कुणीतरी काढून नेली आहे.

वर चढायची शिडी मात्र त्यानेच केली होती, तीही जेवता जेवता. राजधानीहून नामुकोलो नावाची बाई आली होती. चष्मा डोळ्यांवर घालायचा सोडून केसांत घालणारी, स्वभावाने गोड. तिच्या संस्थेने असं ठरवलं होतं की मरायला टेकलेल्या गावांच्या भिंतींवर त्या त्या गावच्या दंतकथा रंगवायच्या, म्हणजे गावांना आपण कोण आहोत ते आठवेल. बसथांब्यामागे खाणीच्या हॉलची लांबलचक भिंत होती, ती तिने पसंत केली. आणि रंगारी म्हणून काबासोला शोधून काढलं, कारण गावात दुसरा रंगारी नव्हता. काबासोने आयुष्यभर सुरक्षेचे फलक रंगवले होते. त्याने रंगवलेली तुटकी बोटं गावातल्या खऱ्या तुटक्या बोटांपेक्षा जास्त होती, आणि कंपनीच्या मते सुरक्षितता म्हणतात ती हीच. दंतकथा मात्र त्याने कधी रंगवली नव्हती. नामुकोलोने विचारलं, कंपनीच्या आधी इथे काय होतं. काबासो म्हणाला, झाडं. आणि झाडांच्या आधी? लॅक्सन शेजारीच बसला होता, फुकटचं जेवण असलं की तो शेजारीच असे. तो म्हणाला, लहान झाडं. बाई हसली नाही. ती इतकी आशेने बघत होती की काबासोला अपराधी वाटायला लागलं. लुफुंबेत सगळे बाहेरून आलेले. कुणी उत्तरेतून, कुणी पूर्वेतून, आणि प्रत्येकाने आपापले पूर्वज गावाकडेच ठेवलेले, सामान जास्त होईल म्हणून. इथल्या मातीत कुणाचं भूतसुद्धा नव्हतं. कंपनीने क्वार्टर्स दिल्या होत्या, दवाखाना दिला होता, पोहण्याचा तलाव दिला होता ज्यात आता कुणीतरी मका लावला होता, पण दंतकथा काही दिली नव्हती.

म्हणून त्याने शेंगा सोलता सोलता सांगायला सुरुवात केली. शाफ्टच्या, खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी एक म्हातारा बसतो. त्याच्यामागे बिल्ल्यांची फळी. खाली जाणारा माणूस पितळेचा बिल्ला घेऊन जातो, वर आला की परत टांगतो, हे तर खाणीत रोजचंच. बाईने वही काढली. वही निघालेली बघून काबासोच्या जिभेला पंख फुटले. तो म्हणाला, खाली पाणी आहे. त्यालाही वर यायचंय, कोणाला नसतं. ते रोज म्हाताऱ्यापाशी येतं, आणि म्हातारा विचारतो, बिल्ला? पाण्याला बिल्ला नाही. बिल्ला नसलेल्याला शिफ्टवरून वर सोडत नाहीत. मग ते परत जातं. म्हातारा जोवर बसलाय तोवर लुफुंबे बुडणार नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, बिल्ला नसताना. लॅक्सनने टेबलाखालून काबासोला लाथ मारली, तिचा अर्थ असा की वाहवा.

संस्थेचा रंग ट्रकमधून येता येता वाटेतल्या गावांच्या दारांना लागला. तेव्हा काबासोने खाणीच्या गोदामातले जुने डबे काढले. शाफ्टवरच्या लोखंडी मनोऱ्याला देतात तो रंग, जो पाऊस, आम्ल आणि कंपनी, तिघांनाही पुरून उरतो. म्हाताऱ्याच्या तोंडासाठी त्याने आधी लॅक्सनला बसायला सांगितलं. लॅक्सन म्हणाला, बीअर पाजशील तर बसेन, नाहीतर तुझंच काढ, माकडाचं तोंड बघून पाणी काय, कंपनीही परत येणार नाही. काबासोने सायकलचा आरसा विटेवर टेकवला आणि स्वतःचं तोंड काढलं. पाच माणसांएवढं तोंड. नामुकोलोने फोटो काढले, मिठी मारली आणि ती दुसऱ्या मरायला टेकलेल्या गावाला गेली. मग पुढच्या उन्हाळ्यात खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद झाले. शहरातून इंजिनिअर आले आणि नकाशा पसरून त्यांनी सांगितलं की वर्षभरात खालच्या आळीत पाणी निघेल, लोकांनी सामान आवरावं. खालच्या आळीने सामान आवरलं आणि ती गाठोड्यांवर बसून राहिली. वर्ष गेलं. पाणी आलं नाही. इंजिनिअर पुन्हा आले, त्यांनी नकाशा उलटा करून बघितला आणि गेले. त्यानंतर एके सकाळी काबासो बसथांब्यावरून जात होता तर भिंतीखाली, त्याच्या रंगवलेल्या पायांशी, झाकलेलं ताट होतं. आत मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा गरम गोळा आणि सुकी मासळी. दुसऱ्या दिवशी तसलंच ताट त्याच्या घराच्या पायरीवर होतं.

त्याने सगळ्यांना सांगून बघितलं. टपरीत सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, ही गोष्ट मी बनवलीय, शेंगा खाता खाता बनवलीय. लोक ऐकून घेत आणि एकमेकांकडे बघून समजूतदारपणे मान हलवत. म्हातारा आपलं काम नाकारतो, हा त्यांना गोष्टीचाच पुढचा भाग वाटे. पाद्रीबाबांनी एका रविवारी मूर्तिपूजेवर कडक प्रवचन दिलं, आणि प्रवचनानंतर बाजूला घेऊन हळूच विचारलं, तब्येतीला जपता ना? जपणं म्हणजे काय ते त्याला पुढे कळलं. मुलगी चोला दक्षिणेला, धबधब्याच्या गावात राहते. तिने एक खोली त्याच्यासाठी रंगवून ठेवली होती, स्वतःच रंगवली होती आणि फोनवर म्हणाली होती, बाबा, कोपऱ्यांत ओघळ आलेत, येऊन ओरडा. ते ओघळ त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात. दुपारी पडल्या पडल्या तो मनातल्या मनात पॉलिश पेपर घेऊन ते घासत असे. त्या खोलीत त्याला कुणी ओळखणार नव्हतं. नातवंडं खांद्यावर चढणार होती. गेल्या महिन्यात तो पिशवी घेऊन बसथांब्यावर गेला तर कंडक्टर म्हणाला, जागा नाही, आजोबा. बसमध्ये सहा माणसं होती. पुढच्या खेपेला शेजारणीने पिशवीचा बंद उसवलाय म्हणून ती शिवायला नेली. अजून शिवतेच आहे. कुणी त्याला अडवलं नाही. कुणी आवाज चढवला नाही. फक्त जिकडे जावं तिकडे हवा घट्ट होत होती, थंडीत तेलरंग होतो तशी.

ऊन कलल्यावर तो लॅक्सनच्या घरी गेला. खालच्या आळीतली शेवटची ओळ. तिथल्या भिंतींना गुडघ्यापर्यंत ओल, आणि ओलीच्या वरच्या कडेला कुणीतरी खडूने रेघ मारलेली. लॅक्सन दाराशी मुंकोयोची आंबट पेज पीत बसला होता. काबासोला बघून तो उठायला लागला.

"बस खाली," काबासो म्हणाला. "मला शिवी दे."

लॅक्सन बसला.

"एक दे. छोटी दे. माकड तरी म्हण."

"तू जाणार आहेस म्हणे."

"मुलगी आहे माझी तिथे."

"माझी नात आहे इथे," लॅक्सन म्हणाला. त्याने भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं. "रोज सकाळी उठून ती आधी ही रेघ बघते. मग तोंड धुते."

"लॅक्सन, तू तिथे होतास. माझ्या शेजारी. तुझ्यासमोर बनवलं मी ते."

"होतो की. शेंगा माझ्या होत्या."

"मग?"

लॅक्सनने भोपळ्याचं भांडं खाली ठेवलं. तो अंगठ्यावरचा दोऱ्याचा वळ चोळायला लागला.

"मी होतो तिथे," तो म्हणाला. "तू होतास, ती बाई होती. पाणी नव्हतं. त्याला काय माहीत, खोटं आहे ते?"

काबासो वळला. त्याला एवढंच वाटलं की हे वाक्य आपल्याला सुचायला हवं होतं. परत येताना चढावर त्याला धाप लागली आणि तो थांबला, तेव्हा पायांखालच्या जमिनीकडे त्याचं लक्ष गेलं. तिच्याखाली जमीन, तिच्याखाली बोगदे, ज्यांच्या तोंडांवर त्याने डोकं सांभाळा असं लिहिलं होतं. आणि त्या अक्षरांवरून आता काळं पाणी हळूहळू वर सरकत असणार, एकेक पाटी वाचत. पाणी वाचतंय असं वाटलं आणि त्याने मान झटकली. पण वाटायचं ते वाटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो पत्रा घेऊन भिंतीपाशी गेला आणि स्वतःचं तोंड खरवडायला लागला. रंग जराही हलला नाही. मनोऱ्याचा रंग, त्यानेच निवडलेला. पत्र्याची धार बोथट झाली, बोटांची सालं निघाली, आणि रंगवलेला काबासो काबासोकडे बघत राहिला, बिल्ला विचारल्यासारखा. थांब्यावरच्या बायका आदराने लांब उभ्या राहिल्या. त्यांच्या मते म्हातारा म्हाताऱ्याशी बोलत होता. मग त्याच्या मनात आलं, वरून सपाट करडा हात मारावा आणि मोकळं व्हावं. गोदामातल्या डब्यात तळाला रंग उरला होता. त्याने ब्रश बुडवला, शिडीवर चढला, हात वर नेला आणि हात तिथेच राहिला. फळी असेल, स्टूल असेल, आणि स्टुलावर कुणी नाही. रात्री पाणी वर येईल. विचारायला कुणी नाही हे बघेल. काबासो शिडीवर उभा होता आणि त्याला स्पष्ट कळलं की आपणही आता पाण्याचं मत विचारात घेतोय. गावाने त्याला गोष्टीत कोंडलं होतं, ते एक वेळ ठीक. पण गोष्ट त्याच्या आत कधी येऊन बसली होती? आतून कडी कोणी लावली?

तेव्हा शिडीवरच त्याला हसू आलं. पणजोबांनी भाले टाकून जो कायदा केला, त्यात एक मोठी सोय होती. बेंबा न्गोनीला काहीही करू शकतो आणि न्गोनीला रागावता येत नाही. लॅक्सनला कुणीतरी बसलेलं हवं होतं ना. ज्याला हवं त्याने बसावं. काबासोने ब्रश खाली नेला आणि स्वतःच्या तोंडावर लॅक्सनचं तोंड काढायला घेतलं. आरसा लागला नाही. स्वतःचा चेहरा त्याला आरशात बघून बघून काढावा लागला होता. लॅक्सनचा हातातच होता: तुटका दात, डाव्या भुवईतली चीर, शिवी यायच्या आधी खालचा ओठ किंचित पुढे येतो तो. चाळीस सकाळी काय, चाळीस वर्षांच्या सकाळी त्याने त्या ओठाकडे बघितलं होतं. कान काढताना रंग संपत आला म्हणून ते जरा घाईत झाले.

संध्याकाळपर्यंत थांब्यावर गर्दी जमली. कुणी रागावलं नाही, कुणी घाबरलं नाही. कुणीतरी म्हणालं, पाळी बदलली. आणि ते एकदम सगळ्यांना पटलं, कारण खाणीच्या गावात यापेक्षा समजायला सोपं काही नसतं. एक उठतो, दुसरा बसतो. इतकं सोपं होतं तर आधी का सुचलं नाही, असं काबासोला वाटलं. शेजारीण त्याच्या बाजूने गेली, आणि तिने वाकून टाळी वाजवली नाही. तिचा धक्का लागला. धक्का लागला आणि काबासोला आपला खांदा आहे असं जाणवलं.

लॅक्सन बूट हातात घेऊनच आला. गर्दीतून वाट काढत भिंतीसमोर उभा राहिला आणि मान मागे टाकून बघत राहिला. काबासोने खांद्यांत मान ओढून घेतली.

"हे कान आहेत?" लॅक्सन म्हणाला. "माकड्या, हे कान आहेत? या चपला आहेत. आणि चपलाच काढायच्या होत्या तर जोडी तरी एका मापाची काढायची. तुझ्या आजाने झाडावरून पडताना डोकं आधी टेकवलं, तेव्हापासून तुमच्या घराण्यात..."

काबासो डोळे मिटून उभा होता. शिव्यांची सर अंगावर पडत होती, आणि ती त्याला हवी होती. तुमच्या घराण्यात काय, पुढे काय, तो वाट बघत होता. पुढे काही आलं नाही. त्याने डोळे उघडले. लॅक्सनच्या भोवतीची माणसं मागे सरली होती. त्याच्याभोवती रिकामं वर्तुळ पडलं होतं, आणि वर्तुळाच्या कडेला बायका गुडघ्यांवर बसून खोलगट तळव्यांनी हळू टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यांत पुढे लॅक्सनची नात होती. तीही वाजवत होती. लॅक्सनने बूट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याला कळायला वेळ लागला नाही. मग तो काबासोजवळ आला आणि ओठ न हलवता म्हणाला, "काढ मला तिथून."

"निघत नाही," काबासो म्हणाला. "मनोऱ्याचा रंग आहे."

शनिवारी सकाळी शेजारणीने पिशवी परत आणून दिली. बंद शिवलेला होता, तसा तो कधी उसवलाच नव्हता. कंडक्टर म्हणाला, चला आजोबा, खिडकीजवळ बसा, जागाच जागा आहे. पायरीवर ताट नव्हतं. पावाच्या दुकानातल्या पोरीने पाव एका हाताने फेकला. काबासो अगदी हलका झाला होता. थांब्यावर भिंतीखालच्या बाकावर लॅक्सन बसला होता. कॅन्टीनच्या ओट्यावर बसून बूट शिवणं आता त्याला शोभत नव्हतं, असं लोकांनी ठरवलं होतं. पुढ्यात झाकलेलं ताट होतं. कोट घातला होता, कुणीतरी दिलेला. त्याच्यावर त्याचं पाच माणसांएवढं तोंड, ओठ किंचित पुढे आलेला, काहीतरी बोलायच्या बेतात कायमचं थांबलेलं. काबासो बसमध्ये चढला. खिडकीजवळ बसला. लॅक्सनने त्याच्याकडे बघितलं नाही. रागावता येत नाही हा कायदा आहे, पण बघितलंच पाहिजे असा कायदा नाही. काबासोने काचेवर टकटक केली. तेवढ्यात बसचं इंजिन सुरू झालं. मग लॅक्सन उठला. ताट ओलांडून, सावकाश, नव्या मानाला शोभेल असा चालत खिडकीखाली आला.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. काचेतून आवाज दबका येत होता. "पाण्याला तू कधी अडवलंच नाहीस. ते रोज रात्री वर यायचं, दारात माकड बसलेलं बघायचं आणि खाण चुकली समजून परत जायचं."

बसमधले दोघं हसले. काबासोच्या मनात उत्तर उभं राहिलं. ते चांगलं होतं, उंदरावरचं नव्हतं, नवं होतं, त्यात कान होते आणि कंपनी होती. त्याने खिडकी सरकवायला हात घातला. खिडकी हलली नाही. कडी गंजून काचेला चिकटली होती. बस वळायला लागली. उत्तर न देता गेलं तर ते हरणं, आणि एवढ्या वर्षांत तो लॅक्सनशी हरून कधी घरी गेला नव्हता. तो उठला, पिशवी काखेत मारली, कंडक्टरच्या अंगावरून हात लांब करून पत्र्यावर थाप मारली. बस थांबली. फक्त उत्तर द्यायचं आणि परत चढायचं, असं त्याने कंडक्टरला सांगितलं, आणि तो उतरला.

धूळ होती. धुळीतून बस जातानाचा आवाज आला आणि मग तोही आला नाही. समोर लॅक्सन पुन्हा बाकावर जाऊन बसला होता आणि वाट बघत होता, ओठ किंचित पुढे काढून. काबासोने तोंड उघडलं. कान होते. कंपनी होती. त्यांना जोडणारं वाक्य बसच्या खिडकीपाशीच राहिलं होतं.

तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. थोड्या वेळाने लॅक्सनने ताट उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर शेजारी एकाची जागा होईल इतका सरकून बसला.